छपरावरचा घास

मी पक्षी बाहेर ठेवत असे. बाराही महिने, मिनेसोटात. मराठी मंडळाच्या जेवणात हे सांगितलं की समोरच्या बाईचा पुरीकडे गेलेला हात थांबायचा. "बाहेर म्हणजे? स्नोमध्ये?" हो, स्नोमध्ये. "मग मरत नाहीत?" मरतात की. पण थंडीनं नाही. थंडीनं माझा एकही पक्षी गेला नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. जे गेले ते मारले गेले.

बजरीगर होते. आपल्याकडे बाजारात लव्हबर्ड्स म्हणून विकतात ते, हिरवे, निळे आणि थोडे पिवळे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही ईडन प्रेरीत घर घेतलं, तेव्हा तिथे अजून मक्याची शेतं होती आणि आमच्या कुंपणामागे ओढा आणि दाट झाडी होती. आधीच्या मालकानं मागच्या अंगणात कोंबड्यांसाठी एक मोठं खुराडं बांधलेलं होतं. अर्धं लाकडी, बंद. अर्धं नुसतं जाळीचं. नवरा म्हणाला, पाडून टाकू. मी म्हटलं, हात लावून तर बघ. मला कामाची परवानगी नव्हती, मूल नव्हतं, आणि दिवसभर भिंतींशी बोलून माझं डोकं फिरायची वेळ आली होती. त्या खुराड्यात मी पक्षी आणले. मंडळातल्या बायका म्हणायच्या, "मूल नाही ना, म्हणून गं." मी म्हणायचे, "असतं तर त्यालाही बाहेरच ठेवलं असतं." मग पुन्हा कुणी तो विषय काढायचं नाही.

पक्षी थंडीत बाहेर ठेवण्यात क्रूरपणा काही नाही, शिस्त मात्र लागते. ते उन्हाळ्यातच बाहेर न्यायचे, म्हणजे हवा गार होत जाते तशी त्यांची आतली पिसं दाट होत जातात. एकदा थंडी धरली की दया येऊन घरात आणायचं नाही. घरातल्या उबेत ती पिसं झडतात, आणि पुन्हा बाहेर ठेवलेला पक्षी सकाळी दांडीखाली पडलेला सापडतो. लाकडी खोलीला वारा शिरेल अशी फट नको. कडाक्यात आत एक दिवा हवा, पाण्यासाठी विजेवर कोमट राहणारं भांडं हवं, आणि खाणं भरपूर आणि तेलकट हवं. पक्ष्यांच्या दाण्यांच्या दुकानात मला चक्क कारळे मिळाले. मी ते अर्धे पक्ष्यांना घालायचे आणि अर्ध्यांची चटणी करायचे. मंडळातल्या बायकांनी ती बोटं चाटून खाल्ली, आणि कारळे कुठून आणले ते कळल्यावर दोघी-तिघी रुसून बसल्या.

थंडी हा शत्रूच नाही, हे पहिल्याच हिवाळ्यात कळलं. भर दुपारी, बर्फावर ऊन लखलखत असताना, एक करडा पक्षी बाहेरून जाळीला येऊन चिकटला. बुलबुलापेक्षा थोडा मोठा, डोळ्यांवरून काळा पट्टा. मला वाटलं, बिचारा दाण्यांसाठी आलाय. आत एकच कल्लोळ उठला. माझे पक्षी भिंतींवर आणि जाळीवर आपटायला लागले. एक निळी मादी जाळीला धडकली, तशी त्या करड्यानं भोकातून चोच घालून तिचं डोकं धरलं आणि ओढलं. धड आत राहिलं. मी स्वयंपाकघरातून धावत येईपर्यंत तो ते डोकं घेऊन कुंपणापलीकडच्या काटेरी झुडपावर बसला होता आणि एका काट्यावर नीट टोचून ठेवत होता. आपल्याकडे याच्या भाऊबंदाला खाटीक म्हणतात. लहानपणी वडिलांनी मला बाभळीच्या काट्याला टोचलेला सरडा दाखवला होता. मी पायात नुसते मोजे, हातात झारा आणि तोंडात येतील त्या शिव्या घेऊन बर्फातून त्याच्यामागे धावले. नंतर नवऱ्यानं खुराड्याच्या चारी बाजूंना दुहेरी जाळी मारली, मध्ये तळहाताएवढं अंतर सोडून. छपराच्या एका भागावर फळ्या होत्या आणि दुसऱ्या भागावर कोंबड्यांची जुनी पातळ जाळी होती. ती तशीच राहिली. "वरून कोण येणार आहे?" असं तो म्हणाला.

त्यानंतरचे हिवाळे बरे गेले. मग एका वसंतात माझे सासरे वारले. नवरा त्यांचा एकुलता एक मुलगा. फोन आला तेव्हा तो ऐकत राहिला, रिसीव्हर ठेवला आणि गाडी धुवायला बाहेर गेला. तो भारतात गेला नाही. ग्रीन कार्डाचे कागद अडकलेत, आत्ता निघालो तर परत येता यायचं नाही, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. मलाही तेच सांगितलं. अग्नी चुलत भावानं दिला. नातेवाईकांनी नावं ठेवली ती ठेवलीच. उन्हाळ्यात सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या.

लहानखुरी बाई. साध्या पातळावर मुलाचा जुना जाड कोट घालून अंगणात फिरायच्या, तो त्यांच्या गुडघ्यांखाली यायचा. उजव्या हाताची करंगळी वाकडी होती आणि कोपराजवळ भाजल्याचा मोठा डाग होता. मी विचारल्यावर "कामात लागलं" एवढंच म्हणाल्या. दार जोरात आपटलं की त्यांचा हात आधी डोक्याकडे जायचा. नवीन देश, नवीन आवाज, म्हणून बिचकत असतील असं मी धरून चालले. एरवी मी नवऱ्याला अरे-तुरे करायचे, पण त्या आल्यापासून 'अहो' म्हणायला सुरुवात केली. घरात जरा नाटकी वाटायचं, पण त्यांना बरं वाटत असावं.

माझे पक्षी त्यांना आवडतील अशी माझी अपेक्षा नव्हती. पण त्या रोज कोथिंबिरीच्या काड्या घेऊन खुराड्यात जायच्या. एक पिवळा नर त्यांच्या त्या वाकड्या बोटावर येऊन बसायचा आणि त्या त्याच्याशी हळू आवाजात बोलत राहायच्या. "हिवाळ्यात राहतील ना गं ही पाखरं?" असं त्यांनी मला अनेकदा विचारलं. "नीट खाल्लं, नीट झोपली तर राहतील," असं मी सांगायचे. खरोखरच सगळं त्यावरच होतं.

सप्टेंबरात पितृपक्ष आला. सासूबाईंनी भात, वडे आणि खीर केली, कागदी प्लेटमध्ये पान वाढलं आणि विचारलं, "कावळ्यासाठी कुठे ठेवू?" अंगणात उंच आणि मोकळी जागा एकच होती, खुराड्याचं छप्पर. नवऱ्यानं स्टूल आणून लावलं. प्लेट वर ठेवून आम्ही तिघं वाऱ्यात उभे राहिलो. इथले कावळे अंगानं धिप्पाड, पण माणसाच्या ताटावर डोळा ठेवून बसायची त्यांना सवय नाही. एक लांब मेपलवर बसला होता, त्यानं आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"आई, काहीतरी कबूल करा त्यांना," मी म्हटलं. गेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा पुरी करू असं म्हटलं की कावळा शिवतो, हे आम्ही सगळ्यांनीच लहानपणापासून पाहिलेलं.

त्यांनी हात जोडले. "सगळं केलंय मी," त्या म्हणाल्या. "जेवा आणि जा. आता जा."

कावळा आला नाही. दर्भाचा कावळा करून शिवलं तरी चालतं, असं मी सुचवलं. त्यांनी मान हलवली. "ह्यांना तसलं चालायचं नाही," म्हणाल्या. प्लेट तिथेच ठेवून आम्ही आत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेट चाटूनपुसून साफ झालेली होती. मला वाटलं, त्यांना आता हायसं वाटेल. त्या नुसत्या खुर्चीत बसल्या. "आले होते," म्हणाल्या, आणि उठून पुन्हा कुकर लावला.

"एकदा शिवलं ना आई? झालं की मग."

"एवढ्यानं भागत नाही त्यांचं."

मग रोजच पान लागायला लागलं. पितृपक्ष संपला, दसरा झाला, तरी दुपार कलली की त्या स्टुलावर चढून छपरावर भात ठेवायच्या. नवऱ्याला मी म्हटलं, हे जरा अति होतंय. तो म्हणाला, "आईला बरं वाटतंय तर करू दे ना यार. तुझं काय जातंय?"

माझं काय जात होतं ते पहिलं दव गोठलं तेव्हा दिसलं. छपराच्या फळीवर पांढरा थर बसला होता आणि त्यावर पंजे उमटले होते, रांगणाऱ्या बाळाच्या हातासारखे, पाच-पाच बोटांचे. रकून. ओढ्याकाठच्या घरात राहणारा कुणीही ते ओळखेल. मांजरापेक्षा थोराड, शेपटीवर कडी, डोळ्यांवर पुन्हा तोच काळा पट्टा, आणि माणसासारखे हात, ज्यांनी तो कचऱ्याच्या डब्याचं झाकणसुद्धा काढतो. पातळ जाळी दोन ठिकाणी खाली दबली होती. माझे पक्षी आतल्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसले होते. त्यांची पिसं नको त्या वेळी गळत होती, छातीचं हाड हाताला लागत होतं. रोज डोक्यावर ते धूड चालत असताना त्यांना झोप कुठून लागणार? हिवाळा तोंडावर आला होता, आणि अशा अंगानं त्यातला एकही तो काढू शकला नसता. तोवर रकूनानं जिवंत ठेवले असते तर.

शनिवारी जेवताना मी विषय काढला. सासूबाई आत ताक घुसळत होत्या.

"अहो, तुमची आई रकून पोसतेय."

"हळू बोल."

"का हळू? जाळी फाटायला आलीय. तो आत हात घालेल आणि एकेकाला सोलून काढेल. त्यांना सांगा."

"तिला वाटतंय बाबा येतात. तू तिला एक अक्षर बोलायचं नाही. आय ॲम वॉर्निंग यू."

"नाहीतर काय करशील रे?" माझं 'अहो' गळून पडलं. "बापाच्या मयताला जायला जमलं नाही तुला. आता रकूनला जेवू घालून फेडतोयस?"

त्यानं आमटीचं भांडं उचलून भिंतीवर फेकलं. चिनी मातीचं होतं, त्याच्या ठिकऱ्या उडाल्या. तो उठला आणि त्यानं माझ्यावर हात उगारला. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, त्याचा हात असा वर गेलेला मी कधी पाहिला नव्हता. मला भीती वाटली नाही, संताप आला, इतका की मी जागची हललेसुद्धा नाही. मारच, मनात म्हटलं, मग बघते.

पण तोवर सासूबाई बाहेर आल्या होत्या. तुकडे अजून जमिनीवर गिरक्या घेत होते आणि त्या खाली बसून ते गोळा करायला लागल्या होत्या. डाव्या हातानं तुकडे वेचत होत्या आणि उजवा हात डोक्यावर आडवा धरलेला होता. वर कुणाकडे बघत नव्हत्या. नवऱ्यानं ते पाहिलं. त्याचा हात खाली आला. त्यानं स्वतःच्या तळव्याकडे बघितलं आणि गॅरेजमध्ये निघून गेला.

मी त्यांच्याजवळ खाली बसले.

"कावळा नाही ते ठाऊक आहे गं मला," त्या म्हणाल्या. "मी पाहिलंय त्याला."

"मग का ठेवता?"

"ह्यांना उपाशी ठेवलं की काय करतात ते तुला माहीत नाही."

म्हातारपण आणि दुःख, असं मला वाटलं. मी त्यांचा हात धरून स्पष्ट सांगितलं, "आई, उद्यापासून पान नाही. माझी पाखरं मरतील." त्यांनी लगेच मान डोलावली. मोठ्या आवाजाला लगेच हो म्हणायची त्यांना सवय होती, हे मला आत्ता कळतं. नवऱ्यानं सोमवारी ऑफिसमधून येताना जाड जाळीची गुंडाळी आणली आणि गॅरेजमध्ये उभी करून ठेवली. वीकेंडला मारतो, म्हणाला.

वीकेंड यायच्या आधीच ते झालं. सकाळ होती, चांगलं उजाडलं होतं. मी चहा टाकला होता, नवरा दाढी करत होता. बाहेरून लाकडावर ओरखडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ पक्ष्यांची किंकाळी. बजरीगर चिवचिवतात असं लोकांना वाटतं. ते किंचाळतातही. मी गॅरेजच्या भिंतीला टेकवलेलं लोखंडी फावडं उचललं आणि धावले.

रकून छपरावर होता. आमच्या वड्यांवर आणि खिरीवर चांगला गोल झालेला. प्लेट शोधली, मिळाली नाही, म्हणून त्यानं जाळी फाडली होती. घाबरलेला पक्षी वर उडतो आणि वरच्या जाळीला लटकतो, तिथेच तो हात घालून बसला होता. एका हिरव्या मादीचा पंख त्यानं खांद्यापासून उपटला, तो टाकला, मग पाय ओढला. ती खाली पडून गोल गोल फिरत होती. दुसरा निळा जाळीत अर्धा बाहेर ओढलेला होता, त्याला पोट राहिलं नव्हतं. पिसं तरंगत खाली येत होती आणि पाण्याच्या भांड्यातलं पाणी लाल झालं होतं. मी फावडं हाणलं, ते फळीवर बसलं. पुन्हा हाणलं, ते त्याच्या खांद्यावर बसलं. तो ओरडला, पळायला वळला, पण त्याचा एक हात कोपरापर्यंत फाटक्या तारांत अडकला होता आणि मुठीत तो पिवळा नर होता. मूठ उघडली असती तर हात सुटला असता. ती त्यानं उघडली नाही.

मी तिसऱ्यांदा फावडं उचललं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मोकळा हात तोंडापुढे धरला, बोटं पसरून. माझे हात तिथेच थांबले. इतका राग असूनही थांबले.

माझ्या हातातून कुणीतरी फावडं ओढून घेतलं. सासूबाई होत्या, अनवाणी, कोटाशिवाय. मला वाटलं, आता त्या मला अडवणार, रकूनपुढे हात जोडणार. त्या घास ठेवायच्या त्या स्टुलावर चढल्या आणि त्यांनी फावडं दोन्ही हातांनी डोक्यावर घेऊन खाली आणलं.

"जेवायला घातलं ना?" त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. पुन्हा फावडं खाली आलं. "रोज घातलं. गरम घातलं. तरी? तरी?" रकून दात विचकत तारांत झटापट करत होता, त्याच्या तोंडातून रक्त उडून त्यांच्या पातळावर पडत होतं. "माझं बोट मोडलंस, बोलले नाही. तापल्या तव्यावर हात दाबलास, बोलले नाही. पोराला पट्ट्यानं फोडलंस, मी मधे पडले नाही." आणखी एक घाव. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. "आता ह्या पाखरांवर? मेलास ना एकदा? मग जा! जा ना रे!"

रकून केव्हाच हलायचा थांबला होता. त्याच्या डोक्याचं काही उरलं नव्हतं. त्या थांबल्या तेव्हा त्याची मूठ आपोआप सुटली आणि पिवळा नर खाली पडला, चेपलेला. त्यांनी स्टुलावरून उतरून त्या पिवळ्याकडे पाहिलं. मग केरसुणी ठेवावी तसं फावडं भिंतीला नीट टेकवून ठेवलं.

"पाणी तापव गं," मला म्हणाल्या. "डोक्यावरून घ्यायचंय."

मागच्या काचेच्या दारात नवरा उभा होता, एका गालावर साबणाचा फेस तसाच. त्यानं सगळं पाहिलं होतं आणि ऐकलं होतं. त्या त्याच्या बाजूनं आत गेल्या. तो बाहेर येऊन पायरीवर बसला आणि म्हणाला, "बाबा गेले तेव्हा कागद आलेले होते. मला जायचंच नव्हतं." मी त्याच्या गालावरचा फेस पदरानं पुसला. त्या दिवशी तो ऑफिसला गेला नाही. आम्ही दोघांनी मेलेले पक्षी आणि तो रकून झाडीत खोल पुरला, छपराला जाड जाळी दुहेरी मारली, पाण्याचं भांडं घासलं. वाचलेले पक्षी सगळे पुढचा हिवाळा बाहेरच राहिले, आणि राहिले म्हणजे जगले.

दुपारी जेवायला बसलो. सासूबाईंचे केस ओले होते, त्या माझ्या गाऊनमध्ये होत्या. आल्यापासून त्या आमचं झाल्यावर उरलंसुरलं खायच्या, त्या दिवशी पहिल्यांदा आमच्याबरोबर ताट घेऊन बसल्या. मुलानं त्यांना वाढलं. त्यांनी वरणभात कालवला, भराभर खाल्ला, ताट पुसून घेतलं.

"तू अग्नी द्यायला आला नाहीस ते बरं केलंस," त्या त्याला म्हणाल्या, आणि ताट पुढे केलं. "वाढ अजून."